कुंडलची पिन

गेल्या शनिवारी कुंडलला काकांकडे होतो. त्यांच्या दुकानातला हिशेबाचा जुना प्रोग्रॅम डेबियन १२ वर चालेना. त्याला हवी ओपनएसएसएल १.१ ची लायब्ररी, आणि डेबियन १२ मध्ये आहे ३.०. हे दुखणं जुनंच आहे, मंडळी. १९९८ मध्ये डेबियन २.० आलं तेव्हा अख्खी सिस्टिम लिबसी ५ वरून लिबसी ६ वर गेली, आणि जुन्या प्रोग्रॅमांसाठी लिबसी ५ शेजारी ठेवावीच लागली.

उपाय म्हणजे पिनिंग. डेबियन ११ चा सोर्स जोडायचा आणि ॲप्टच्या प्रेफरन्सेस फाइलमध्ये त्याला प्राधान्य द्यायचं १००. नेहमीच्या सोर्सचं असतं ५००, त्यामुळे बाकी सगळं १२ चंच राहतं. १.१ फक्त ११ मध्ये आहे, म्हणून तेवढी तिथून येते. (१००० किंवा जास्त दिलंत तर ॲप्ट नवं काढून जुनं बसवेल. सांभाळून!)

हे करताना हसू आलं. अहो, कुंडल स्वतःच पिन केलेलं गाव होतं! आजूबाजूला बराचसा ब्रिटिशांचा सातारा जिल्हा, आणि कुंडल मात्र औंध संस्थानात. राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये घटना दिली, कारभार ग्रामपंचायतींकडे सोपवला. शिवाराला शिवार लागून, पण कायद्याच्या आवृत्त्या दोन. १९४३ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं कुंडल हे केंद्र झालं, तेव्हा या संस्थानी हद्दीचा आसरा कामी आला.

१९४८ मध्ये औंध विलीन झालं. पिन निघाली, घटनाही गेली. विलीनीकरण हवंच होतं. पण देशभर पंचायतींना घटनात्मक दर्जा मिळायला १९९३ उजाडलं.

म्हणजे पिन काढताना सोबत काय जातंय ते बघावं. आणि ठेवताना ती का ठेवली, ते लिहावं. ओपनएसएसएल १.१.१ चा सार्वजनिक सपोर्ट सप्टेंबर २०२३ मध्येच संपलाय. उद्या त्यात भोक सापडलं तर काकांचा हिशेब उघड्यावर. म्हणून फाइलमध्ये दोन ओळी टाकल्या: कशासाठी, आणि कधी काढायची.

काका म्हणाले, "चालू झालं न्हवं? मग झालं तर!"

झालं नाही, काका. दिवाळीला येतो, नवीन प्रोग्रॅम घेऊन.