आत काय जळतंय?

12 ऑगस्ट 2015, दुपार

उत्तर चीनमधलं तियानजिन बंदर. पारा 36 अंशांवर. रुइहाई इंटरनॅशनल लॉजिस्टिक्स या कंपनीच्या यार्डात निर्यातीचे कंटेनर उन्हात तापत उभे आहेत. अशा हवेत बंद कंटेनरच्या आतलं तापमान 60च्या पुढे जातं. यांतल्या एकात नायट्रोसेल्युलोज आहे, दिसायला पिंजलेल्या कापसासारखं. ते अल्कोहोल किंवा पाण्याने कायम ओलं ठेवावं लागतं. पिशवीचं तोंड घट्ट नसेल, हमालीत पिशवी फाटली असेल, तर ही ओल उडून जाते. कोरडं नायट्रोसेल्युलोज बसल्या जागी विघटित होत उष्णता सोडतं; 40 अंशांपुढे हा वेग वाढतो. उष्णतेला बाहेर पडायला वाट नसेल, तर 180 अंशांच्या आसपास ते आपोआप पेटतं. काडी लागत नाही, ठिणगीही नाही.

रात्री 10:51

कंटेनरांच्या थप्पीतून ज्वाळा निघतात. मिनिटाभरात वर्दी जाते.

10:56

बंदराच्या स्वतःच्या अग्निशमन दलाची तुकडी पोहोचते. तुकडीप्रमुख कंपनीच्या माणसांना पहिला प्रश्न विचारतात: आत काय जळतंय? हजर असलेल्यांपैकी कुणालाच सांगता येत नाही.

घातक मालाच्या आगीत बाकी सगळं या उत्तरावर ठरतं. पाणी मारायचं की नाही, फेस चालेल का, माणसं किती लांब ठेवायची. त्यासाठीच कंटेनरवर चौकटीचं चिन्ह लावतात: 4.1 म्हणजे ज्वलनशील घन पदार्थ, 5.1 म्हणजे ऑक्सिडायझर. पण थप्पीत दाटीने रचलेल्या आणि धुराने झाकलेल्या कंटेनरांवरचं चिन्ह वाचणार कोण? म्हणून मालाची यादी फाटकावर हवी आणि रात्रपाळीच्या माणसाला ती वाचून दाखवता यायला हवी.

आगीपर्यंत जायची वाटही कंटेनरांनीच अडवलेली आहे. क्रेनने ते हलवायचा प्रयत्न फसतो. मग शेजारच्या थप्प्या गार ठेवायला पाण्याचा मारा सुरू होतो. धग इतकी वाढते की आवारातून बंब आणि माणसं मागे घ्यावी लागतात. जादा कुमक मागवली जाते.

11:08 ते 11:34

शहराच्या दलाचे बंब येत राहतात, पाण्याच्या लाइन टाकल्या जातात. पाणी आणि फेस, दोन्हींचा मारा चालू आहे. आसपासच्या 100हून अधिक लोकांना बाहेर काढलं जातं. हे काम जवानांनी चोख केलं.

त्याच आवारात 800 टन अमोनियम नायट्रेट आहे, हे त्यांना माहीत नाही. बंदरात हा माल साठवायची परवानगीच नव्हती. तो ट्रकमधून थेट जहाजावर चढवायचा, असा नियम. अमोनियम नायट्रेट ऑक्सिजन पोटात बाळगून असतं. त्यामुळे हवा तोडून, म्हणजे फेसाने किंवा झाकून, आग गुदमरवायची नेहमीची रीत इथे चालत नाही. लांबून भरपूर पाणी मारायचं, आणि आग मालापर्यंत पोहोचली असेल तर सगळं सोडून निघायचं. उत्तर अमेरिकेतल्या अग्निशमन दलांची मार्गदर्शिका अशा मालाचा ट्रक किंवा वॅगन पेटल्यास चारही दिशांना 1600 मीटर मोकळे करायला सांगते. तियानजिनचे जवान त्याच्या किती तरी आत उभे होते.

14 एप्रिल 1944ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज पेटलं आणि आपले 66 अग्निशमन जवान गेले. पण कापसाच्या गाठींबरोबर दारूगोळा आहे, हे तिथे निदान जहाजावरच्यांना ठाऊक होतं.

11:34:06

पहिला स्फोट, सुमारे 15 टन टीएनटीच्या ताकदीचा.

11:34:37

दुसरा, 430 टनांचा. जमिनीला 97 मीटर व्यासाचा खड्डा पडतो. आयात होऊन रांगेत उभ्या असलेल्या हजारो नव्या गाड्या जळून सांगाडे होतात. साधारण 600 मीटरवरच्या निवासी इमारतींत झोपलेल्या माणसांवर खिडक्यांच्या काचा कोसळतात.

पुढचे दिवस

165 मृत, 8 बेपत्ता. बेपत्ता धरून यातले 104 जण अग्निशमन जवान, आणि त्यांपैकी 80 बंदराच्या दलातले. सरकारी दलात नसल्यामुळे सुरुवातीच्या आकड्यांत या मुलांची दखलच नव्हती. आईवडिलांना पत्रकार परिषदेच्या ठिकाणी जाऊन आमची मुलं कुठे आहेत, असं ओरडून विचारावं लागलं. हे वाचताना आजही संताप होतो.

आग विझायला 14 तारखेची संध्याकाळ उजाडली. सुमारे 680 टन सोडियम सायनाइडही तिथेच होतं. त्याचे विखुरलेले अंश गोळा करायला रासायनिक युद्धाचं प्रशिक्षण घेतलेले सैनिक उतरले.

फेब्रुवारी 2016

चौकशी अहवाल प्रसिद्ध झाला. यार्डात त्या रात्री घातक मालाचे 111 प्रकार होते, एकूण 11,383 टन. नोव्हेंबरमध्ये 49 जणांना शिक्षा झाल्या. त्यांत कंपनीचे प्रमुख होते, डोळेझाक करणारे अधिकारी होते, आणि हे यार्ड सुरक्षित असल्याचे खोटे दाखले देणाऱ्या संस्थेचे लोकही होते.