यमूची गोष्ट आणि घरावरचं नाव

आज आपण जुन्या मराठी कादंबऱ्यांविषयी बोलणार आहोत. काही जणींना वाटेल, कादंबऱ्या म्हणजे शिकलेल्या, सवड असलेल्या बायकांचं काम. पण मराठी कादंबरी सुरू झाली तीच बाईच्या दुःखापासून. नवरा गेल्यावर बाईनं कसं राहायचं, घरात तिचा हक्क किती, तिला पुन्हा संसार करावासा वाटला तर काय, हे त्या कादंबऱ्यांतले प्रश्न. आपल्या गटाच्या बैठकीत हिशेब झाला, वही मिटली की आपण जे बोलतो, तेच हे प्रश्न आहेत.

सुरुवात एका कायद्यापासून करू. १८५६ साली इंग्रज सरकारनं विधवेच्या लग्नाला मान्यता देणारा कायदा केला. पुढच्याच वर्षी, १८५७ मध्ये, बाबा पदमनजी यांचं ‘यमुनापर्यटन’ छापून आलं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात. यमुना आपल्या नवऱ्याबरोबर प्रवास करते आणि जाईल तिथं विधवांचे हाल बघते, ऐकते. पुढं तिचाच नवरा जातो. आतापर्यंत दुसऱ्यांचं जे ऐकलं, ते तिच्या वाट्याला येतं. पदमनजी ख्रिस्ती झाले होते आणि पुस्तकात त्यांच्या धर्माचा प्रचारही आहे. पण विधवांची स्थिती त्यांनी पहिल्यांदा सविस्तर गोष्टीत मांडली, हे खरं.

कायदा झाला म्हणून घरातलं काही बदललं का? ते समजून घ्यायला दुसरी कादंबरी बघू, हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’. १८९० साली हरिभाऊंनी ‘करमणूक’ नावाचं साप्ताहिक सुरू केलं, तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. त्यातच ही कादंबरी थोडी थोडी येत गेली. १८९३ मध्ये तिचं पुस्तक झालं.

यात यमू नावाची मुलगी आपली गोष्ट आपल्याच तोंडानं सांगते. माहेर, लहानपणीचं लग्न, सासरची माणसं, दुर्गी नावाची मैत्रीण आणि तिला होणारा सासुरवास, सगळं ती घरात बोलावं तसं बोलते. तिचा नवरा रघुनाथराव शिकलेला, समजूतदार. दोघांचं एकमेकांवर मनापासून प्रेम आहे. नवरा-बायकोनं मिळून वाचावं, बोलावं, बाईनं चार माणसांत जावं, एवढ्या साध्या गोष्टीही घरातल्या जुन्या माणसांना खपत नाहीत. मग रघुनाथराव जातो. यमूच्या घरात शंकरमामंजींसारखी माणसं आहेत. तिच्या मनाविरुद्ध, जबरदस्तीनं तिचं केशवपन होतं. त्यानंतर ती फार जगत नाही.

यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. यमूच्या काळात १८५६ चा कायदा होता, चौतीस वर्षं जुना झाला होता. पण यमूच्या माजघरात तो कुणी आणला नाही. कागदावर हक्क होता आणि डोक्यावर वस्तरा होता. हरिभाऊंनी पुस्तकाचं नावच प्रश्न म्हणून ठेवलं, ते याचसाठी असावं.

पण त्याच १८९० साली काही जणांनी लक्षात घेतलं होतं. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईत न्हावी मंडळींनी सभा घेतली आणि विधवांचं केशवपन करणार नाही असं ठरवलं. वस्तरा ज्यांच्या हातात होता, त्यांनीच तो खाली ठेवायचं ठरवलं. मोठमोठ्या भाषणांइतकंच हे काम मोलाचं आहे.

बायका स्वतःही लिहू लागल्या होत्या. ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ सालचं. ती कादंबरी नाही, रोखठोक जाब आहे. काशीबाई कानिटकर लग्न झाल्यावर लिहा-वाचायला शिकल्या, हरिभाऊंशी त्यांचा पत्रव्यवहार होता, आणि १९०३ मध्ये त्यांची ‘रंगराव’ ही कादंबरी पुस्तकरूपानं आली.

पुढं १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला. लेखिकेचं नाव छापलं होतं विभावरी शिरूरकर. हे टोपणनाव होतं. त्या म्हणजे बाळूताई खरे, लग्नानंतरच्या मालतीबाई बेडेकर. नोकरी करणाऱ्या, वय वाढलेल्या अविवाहित मुलींच्या मनातलं त्यांनी उघड लिहिलं, तेव्हा मोठा गदारोळ झाला. १९३४ मध्ये त्यांची ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी आली. यातली अचला नवऱ्यापासून वेगळी झालेली. तिचं दुसऱ्या माणसावर प्रेम आहे, तिला मूल हवंय. पण तेव्हा नवरा दुसरी बायको करू शकत होता, आणि बाईला कायद्यानं घटस्फोट मागायची सोय नव्हती. मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला तो १९४७ साली.

हे सगळं आम्ही गटात सांगितलं, तेव्हा एका ताईंनी बरोबर विचारलं, “ही सगळी पांढरपेशी घरं. आपल्या आज्या-पणज्यांचं काय? आपल्यात तर पाट लागायचा, काडीमोड व्हायची.” खरं आहे. कोळी, आगरी, कुणबी अशा कितीतरी समाजांत विधवेचा पाट लावायची रीत होती. केशवपन नव्हतं. टोपली डोक्यावर घेऊन बाजाराला जाणारी बाई घरात कोंडून ठेवणं परवडणारंही नव्हतं. त्या बायका या कादंबऱ्यांत फारशा दिसत नाहीत.

पण त्या अन्यायातून सुटल्या होत्या असं समजू नका. १८५६ च्या कायद्यातच एक मेख होती: विधवेनं दुसरं लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क संपायचा. १८९६ साली मुंबईच्या हायकोर्टानं ठरवलं, की ज्या जातींत पाटाची रीत आधीपासून होती, तिथल्या बाईलाही हेच लागू. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा होता आणि याच हायकोर्टाखाली येत होता. म्हणजे यमूला लग्नच करता येत नव्हतं, आणि आपल्या पणजीला लग्न करता येत होतं, पण हात रिकामे ठेवून.

हे बदललं १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं. नवरा मृत्युपत्र न करता गेला, तर त्याच्या मिळकतीत बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई यांना सारखा वाटा. तो वाटा बायकोच्या पूर्ण मालकीचा. पुढं तिनं लग्न केलं तरी तो परत जात नाही. मुस्लिम, ख्रिस्ती आणि आदिवासी घरांसाठी नियम वेगळे आहेत, ते विचारून घ्यावे लागतात.

आणि रिवाजाचं म्हणाल, तर मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची, हे गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. ‘यमुनापर्यटन’ छापून तेव्हा १६५ वर्षं झाली होती!

मैत्रिणींनो, या सगळ्यातून आम्हाला एकच कळतं. कायदा होतो, पुस्तकही लिहिलं जातं, पण चार जणी मिळून बोलल्याशिवाय दोन्हीपैकी काहीच उंबऱ्याच्या आत येत नाही. म्हणून प्रत्येक गटानं तीन कामं करावीत अशी आमची विनंती आहे.

पहिलं, ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ग्रंथालयातून आणा आणि बैठकीनंतर पाच-पाच पानं मोठ्यानं वाचा. भाषा जुनी आहे, पण ऐकताना कळते. ज्यांना वाचता येत नाही त्या ऐकतील आणि सगळ्यात जास्त त्याच बोलतील.

दुसरं, गटातल्या ज्या ताईंचे पती गेलेत, त्यांची वारस नोंद झाली का ते बघा. शेत असेल तर सातबारा, घर असेल तर ग्रामपंचायतीचा उतारा, होडी असेल तर होडीचे कागद. ‘दिराच्या नावावर आहे, एकच तर घर’ असं म्हणून सोडू नका. अडलं तर अलिबागला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. बाईला तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.

तिसरं, पुढच्या हळदीकुंकवाला त्या ताईंना बोलवा, आणि नुसतं बोलावून मागं बसवू नका, पहिलं कुंकू त्यांना लावा. त्यांची इच्छा नसेल तर आग्रह नको. पण ‘नको’ म्हणायचा हक्कही त्यांचाच असू दे, सासूचा किंवा शेजारणीचा नको.

यमूच्या घरी बायका होत्या, पण तिच्या बाजूनं उभा राहील असा गट नव्हता. आपल्याकडे आहे.