पेरू, भिरंड आणि खाजे

गोव्याच्या फळांविषयी युरोपियनांनी लिहिलेला पहिला मोठा ग्रंथ गोव्यातच छापला गेला. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला आणि १५६८ मध्ये मरेपर्यंत इथेच राहिला. १५६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात औषधी वनस्पतींवर संवाद आहेत. पण लेखक वैद्य असला तरी खवय्याही होता. आंब्यावरच्या संवादाची सुरुवात मुंबईहून आलेल्या आंब्यांच्या टोपलीने होते. फणस, केळी, जांभूळ, करमल ही सारी फळे त्यात येतात. ‘ब्रिंदोंइश’ नावाच्या फळाबद्दल तो सांगतो की ते आत गडद लाल आणि चवीला आंबट असते आणि त्याच्या सालीपासून शिरका करता येतो. हे कोकम, म्हणजेच गोवेकरांचे भिरंड. पोर्तुगीज शब्द भिरंडावरूनच आला. कोकमाच्या शास्त्रीय नावातला ‘गार्सिनिया’ मात्र या गार्सियाचा नव्हे. तो लॉरें गार्सें या दुसऱ्याच निसर्ग-अभ्यासकाचा मान आहे. या गोंधळात पुष्कळ जण सापडतात.

ओर्ताच्या ग्रंथात काजू नाही. १५७८ मध्ये क्रिस्तोव्हाव द कोस्ताने कोचीनच्या बागांत काजू पाहिल्याची नोंद केली. पुढे १५८३ ते १५८८ या काळात आर्चबिशपचा सचिव म्हणून गोव्यात राहिलेला डच तरुण लिन्सखोटेन अननस आणि काजू या दोन्ही ब्राझीलच्या फळांचे वर्णन करतो. म्हणजे परक्या माणसांना इथली फळे कळत होती, त्याच काळात परकी फळेही इथे रुजत होती. अननस, पपई आणि काजू ही नावे मूळची अमेरिकेतली, पण ती आपल्याकडे पोर्तुगीजांच्या तोंडून आली. पेरूची गोष्ट याहून गमतीची आहे. अमेरिकेतून आणलेल्या या फळाला पोर्तुगीजांनी आपल्या गावाकडच्या नासपतीचे नाव दिले, ‘पेरा’. कोकणी ‘पेर’ आणि मराठी ‘पेरू’ हे त्या घरच्या आठवणीचेच अवशेष आहेत. पोर्तुगालात बिहीच्या गरात साखर आटवून घट्ट वडी करतात. गोव्यात बिही मिळेना, तेव्हा तीच कृती पेरूवर झाली आणि ‘पेराद’ तयार झाली. अंड्यांचा पिवळा बलक आणि नारळाचे दूध यांची थरावर थर भाजलेली बेबिंकाही याच संगमातली.

गोव्याच्या उत्तर टोकाचे पेडणे या साऱ्यात उशिरा आले. तिसवाडी, बारदेश आणि साष्टी हे जुने गोवे सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांकडे गेले. डिचोली १७८१ मध्ये आणि सावंतवाडीकरांच्या ताब्यातले पेडणे १७८८ मध्ये. या नव्या मुलखात देवळे, जत्रा आणि चालीरीती बऱ्याच अंशी टिकल्या. त्यामुळे शापोरा नदीच्या उत्तरेला फळे आणि मिठाई यांचा इतिहास वेगवेगळ्या वाटांनी गेला. झाडाला सरहद्द कळत नाही. पेडणे, डिचोली, सत्तरी आणि पलीकडच्या सिंधुदुर्गातही डोंगरउतारावर काजू माजला. काजूचे बोंडू तुडवायची कोळंबी नावाची जागा, रसाची भाटी, पहिल्या धारेचा हुर्राक आणि नंतरची फेणी हा सारा संसार त्याच्याभोवती उभा राहिला. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अंड्याची मिठाई मात्र हिंदू घरांच्या नैवेद्यात शिरणे शक्यच नव्हते. तिथे हळदीच्या पानातल्या पातोळ्या, तवशाचे धोंडस, चण्याच्या डाळीचे मणगणे आणि पिकल्या फणसाची साठे हेच गोड राहिले. गूळ, तांदूळ आणि नारळ यांवरच सारे उभे.

या गोडांचा बाजारातला राजा खाजे. बेसनाची जाडसर शेव तळून ती आले घातलेल्या गुळाच्या पाकात घोळवतात आणि वर तीळ भुरभुरतात. अंडी नाहीत, दूध नाही. त्यामुळे उन्हातही ते दिवसेंदिवस टिकते. जत्रेच्या धंद्याला असाच पदार्थ लागतो. कोजागिरीला भगवतीच्या देवळापाशी भरणाऱ्या पेडण्याच्या पुनवेपासून उन्हाळ्यातल्या शेवटच्या जत्रेपर्यंत खाज्याची दुकाने गावोगाव फिरतात. जत्रेहून परतणाऱ्याच्या हातात खाज्याची पुडी नसेल, तर घरची पोरे त्याला दारातच अडवतात. गोव्याच्या खाज्यालाही आता मानांकन आहे. मानकुराद आंब्याला आणि बेबिंकेला ते २०२३ मध्ये मिळाले.

पेडणे तालुक्यात आजही परदेशी माणसे मुक्कामाला येतात, हरमल आणि मोरजीच्या किनाऱ्यावर. त्यांचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि उन्हाळा तापू लागला की ओसरतो. मानकुराद, फणस आणि भिरंड पिकतात ती एप्रिल-मे महिन्यांत. तोवर या परदेशी पाहुण्यांतले बहुतेक जण आपापल्या देशी परतलेले असतात.