लक्ष्य आणि लक्षण : मोत्सार्टच्या एका सोनाटाचा पहिला खंड

रचनेचा नियम आधी सिद्ध होतो आणि रचना त्याबरहुकूम घडतात, की रचना आधी होतात आणि नियम त्यांच्यामागून येतो, हा प्रश्न संगीताच्या इतिहासात मूलभूत होय. पं. विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) यांनी हिंदुस्थानी संगीतापुरते त्याचे उत्तर आपल्या ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ ह्या संस्कृत ग्रंथाच्या नावातच सुचविले. लक्षण म्हणजे शास्त्रातील व्याख्या. लक्ष्य म्हणजे प्रचारातील प्रत्यक्ष गायनवादन. जुन्या ग्रंथांतील लक्षणे प्रचाराशी जुळत नसल्याचे पाहून त्यांनी लक्ष्य प्रमाण मानले आणि दहा थाटांची व्यवस्था लावली. हीच दृष्टी युरोपीय ‘सोनाटा-रूपा’स लावून पाहणे उद्बोधक ठरते.

ह्या रूपाचे पाठ्यपुस्तकी लक्षण असे : पहिला विषय मूळ षड्जावर मांडावा, मग एका सेतूवाटे षड्ज पंचमावर नेऊन दुसरा विषय मांडावा. ही झाली प्रस्तुती. त्यानंतर विस्तार, आणि शेवटी पुनःप्रस्तुती. तीत दोन्ही विषय मूळ षड्जावरच यावेत. परंतु हे लक्षण ज्यांच्या कृतींवर बेतले, त्या हायडन व मोत्सार्ट यांच्या हयातीत ते ह्या स्वरूपात लिहिले गेलेले नव्हते. हाइन्रिख कोख याने 1793 मध्ये अशा खंडाचे वर्णन केले ते मुख्यतः षड्जांतराच्या अनुरोधाने; दोन परस्परविरोधी विषयांच्या अनुरोधाने नव्हे. ‘सोनाटा-रूप’ ही संज्ञा दृढ केली ती आडोल्फ बेर्नहार्ड मार्क्स याने, 1840 च्या दशकात. तोवर मोत्सार्टच्या मृत्यूस (1791) अर्धशतक लोटले होते.

मोत्सार्टचा सी मेजरमधील पियानो-सोनाटा (केशेल-सूची क्र. 545) ह्या संदर्भात तपासण्याजोगा आहे. त्याने स्वतःच्या कृतिसूचीत 26 जून 1788 ह्या तारखेस ‘नवशिक्यांसाठी’ म्हणून त्याची नोंद केली. तो छापला गेला मात्र 1805 मध्ये. पहिल्या खंडात 73 मापे आहेत : प्रस्तुतीची 28, विस्ताराची 13 आणि पुनःप्रस्तुतीची 32. सी हा षड्ज धरला तर जी हा पंचम आणि एफ हा मध्यम होतो. प्रस्तुती नियमाप्रमाणे सीवरून जीवर जाते. पुनःप्रस्तुती मात्र सीवर न उतरता एफवर, म्हणजे मध्यमावर उतरते. नवशिक्यांसाठी लिहिलेल्या कृतीतच लक्षणाचा असा भंग व्हावा, हे लक्षणीय आहे.

ह्याचे एक सोपे स्पष्टीकरण असे देता येते की, ही श्रमांची बचत होय. षड्जावरून पंचमावर जाणारी प्रस्तुती जशीच्या तशी मध्यमापासून वाजविली तर ती आपोआप मूळ षड्जावर पोहोचते. रचनाकारास नवे काही लिहावे लागत नाही. शूबर्टनेही पुढे मध्यमारंभाचा अवलंब केला; 1819 च्या ‘ट्राउट’ पंचकाचा पहिला खंड हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. परंतु प्रस्तुत सोनाटास हे स्पष्टीकरण लागू पडत नाही. केवळ नक्कल करावयाची असती तर पुनःप्रस्तुतीचीही मापे 28 च भरली असती. ती 32 भरतात. आणि ही चार मापे वाढली आहेत ती नेमकी सेतूमध्ये, जेथे उजव्या हाताची सप्तकावर धावणारी स्वरमालिका आता डाव्या हातालाही मिळते.

ही वाढ कशासाठी, हे सेतूच्या शेवटाकडे पाहिले असता कळते. सोलापूरहून निघालेली गाडी होटगी जंक्शनास येते. तेथून एक मार्ग विजापूर-गदगकडे जातो, दुसरा कलबुर्गी-वाडीकडे. होटगीच्या फलाटापर्यंतचा प्रवास दोहोंचा एकच असतो. दिशा निश्चित होते ती पुढे. मोत्सार्टच्या सेतूचा शेवट असाच आहे. तो जीच्या स्वरसमूहावर थांबतो. हा स्वरसमूह सीचा पंचम म्हणून आलेला असतो, म्हणजे श्रोत्यास सीकडे परतण्याची अपेक्षा असते. प्रस्तुतीत ती अपेक्षा डावलली जाते आणि जी हाच नवा षड्ज होतो. पुनःप्रस्तुतीत एफच्या बाजूने निघालेली वाट त्या चार अधिक मापांच्या आधारे पुन्हा त्याच जीच्या स्वरसमूहापाशी आणली जाते आणि ह्या खेपेस तेथून सीकडे नेली जाते. आधी अपूर्ण राहिलेली अपेक्षा येथे पुरी होते. सरळ नक्कल केली असती तर सेतू सीच्या स्वरसमूहावर थांबला असता आणि हा परिणाम साधला नसता.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ख्यालातील अंतरा तारषड्जाकडे झेपावतो म्हणून त्यास ‘दुसरा विषय’ समजणे अयुक्त होय. तंबोऱ्याचा षड्ज तेथे अचल असतो, तर सोनाटाचे सारे नाट्य षड्जाच्या चलनावर उभे आहे. साम्य आहे ते रचनांत नव्हे, अभ्यासपद्धतीत. मार्क्सचे लक्षण हाती धरून पाहिले तर ही पुनःप्रस्तुती केवळ अपवाद ठरते, आणि अपवाद म्हटले की विचार थांबतो. लक्ष्यापासून आरंभ केला तर पहिला विषय कोठे परतला ह्यापेक्षा मूळ षड्ज केव्हा व कोणत्या वाटेने सिद्ध झाला, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. आणि चार मापांच्या वाढीचा अर्थ त्याच प्रश्नातून उलगडतो.