ख्रिस्तपुराणातील पापनिष्कृती

टॉमस स्टीफन्स (सु. १५४९–१६१९) या इंग्रज जेझुइट धर्मोपदेशकाच्या ओवीबद्ध मराठी ख्रिस्तपुराणाचा गाभाविषय. हा ग्रंथ १६१६ मध्ये गोव्यातील राचोल येथे रोमन लिपीत छापला गेला. त्याच्या १०,९६२ ओव्यांपैकी ४,१८१ ओव्यांच्या ‘पहिले पुराणा’त जगाची उत्पत्ती, आदाम व एवा यांचे पतन आणि जुन्या करारातील कथा येतात, ‘दुसरे पुराण’ ख्रिस्तचरित्राचे आहे. ही विभागणी सहेतुक दिसते. मूळ पापाची कथा आधी ऐकल्याखेरीज क्रूसावरील यातनांचा अर्थ लागत नाही. ज्याचे कर्म त्यानेच भोगावे, असे मानणाऱ्या श्रोत्यांना निष्पापाने सर्वांसाठी स्वेच्छेने मरण पत्करावे, ही कल्पना अपरिचित होती. यज्ञात यजमान पशूचा बळी देतो. येथे देवच मानव होऊन स्वतःचा बळी देतो. हे तत्त्व सांगण्यासाठी स्टीफन्सने ओवी हा छंद, पुराणाची मांडणी आणि वैकुंठासारखे परिचित शब्दच स्वीकारले. नवख्रिस्ती समाजात ग्रंथाला जे प्रेम लाभले, त्याचे श्रेय बव्हंशी याच निवडीला द्यावे लागेल. १६८४ मध्ये पोर्तुगीज शासनाने स्थानिक भाषेच्या वापरावर बंदी घातली. १६१६, १६४९ व १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे तो पुन्हा प्रसिद्ध केला.