दादीच्या पेटीतली लाल नोट

दादी गेली तेव्हा तिची पत्र्याची पेटी आम्ही चाळिसाव्यानंतर उघडली. आत जुन्या साड्या, तसबीह, रेशनकार्ड आणि मेणकापडात गुंडाळलेलं एक पाकीट. पाकिटात दहा रुपयांची एक नोट होती आणि तिच्या मागे घडी घातलेल्या आणखी काही नोटा. त्यांच्याबद्दल पुढे लिहितो. दहाची नोट आपल्या जुन्या दहाच्या नोटेसारखीच होती. तोच अशोकस्तंभ, तीच रिझर्व्ह बँक, मागच्या बाजूला तेच शिडाचं गलबत. फक्त रंग लाल, आणि क्रमांकाच्या आधी इंग्रजी झेड. शेजारचे चाचा नोट उन्हात धरून म्हणाले, "खोटी आहे रे. दादीला कुणीतरी फसवलंय."

अब्बा म्हणाले, "खोटी नाही. बहारीनची आहे."

माझे आजोबा 1957 साली बहारीनला गेले, 1964 मध्ये परतले. तिथे ते खानसामा होते. पगार रुपयांत मिळायचा. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं. अरबस्तानात आपला रुपया? पण होता. कुवेत, बहारीन, कतार, दुबई, ओमान, सगळीकडे व्यवहार रुपयांत चालत. एके काळी तिथलं टपालसुद्धा हिंदुस्थानी तिकिटांवर चालायचं, वर 'कुवेत' किंवा 'बहारीन' असा शिक्का छापलेला. आखाताचा कारभार इंग्रज हिंदुस्थानातून बघत, आणि त्या मुलखाची बाजारपेठ म्हणजे मुंबई.

1959 मध्ये भारत सरकारने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. कारण सोनं. आपल्याकडे सोन्याच्या आयातीवर बंदी, भाव चढे. दुबईकडून सोनं चोरून येई, त्याचे रुपये तिकडे जात, आणि तिथल्या बँका ते रुपये भारताला परत देऊन पौंड मागत. आपली परकीय गंगाजळी त्या वाटेने गळत होती. म्हणून फक्त आखातात चालणाऱ्या, भारतात न चालणाऱ्या नोटा आल्या. त्याच वेळी हाजींसाठीही वेगळ्या नोटा निघाल्या, त्या सौदीत वटायच्या. आजोबांनी परतताना एक लाल नोट आठवण म्हणून ठेवली. इथे तिचा चहासुद्धा मिळाला नसता.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात आहे. आमच्या श्रीवर्धन-म्हसळ्याच्या बाजूला 'बाहेरचा' म्हटला की 'पैसेवाला' हे समीकरण कधीपासून आहे? आणि बाहेरच्याला आपण कसे दिसत आलो?

बाहेरच्यांनी आपल्याबद्दल लिहून ठेवलेलं बरंच सापडतं. बगदादचा अल-मसूदी इसवी सन 916 च्या सुमारास सैमूरला, म्हणजे आपल्या चौलला आला होता. तिथे दहा हजार मुसलमान राहतात असं तो लिहितो. काही सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले, काही इथेच जन्मलेले. इथे जन्मलेल्यांना वेगळं नाव होतं, 'बयासिरा'. म्हणजे हजार वर्षांपूर्वीच चौलच्या मुसलमानांत बाहेरून आलेले आणि इथले अशी नोंद होत होती. त्यांचा मुखिया राजा नेमायचा आणि राजा हिंदू होता. मसूदीला यात काही वावगं वाटलं नाही. त्याच्या लेखी हे भरलेलं बंदर होतं.

पाच-साडेपाच शतकांनी त्याच बंदरात उतरलेल्या माणसाला मात्र काही वेगळंच दिसलं. अफानासी निकितीन, रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी. रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात त्याचं स्मारक आहे. शाळेतल्या पोरांना तो 'भारतात आलेला पहिला रशियन' म्हणून पाठ असतो. तो आला ती कथा मात्र फजितीची आहे. व्होल्गा नदीवर तो लुटला गेला होता. घरी परत जावं तर डोक्यावर कर्ज. म्हणून पुढे पुढे सरकत तो इराणात, तिथून होर्मुजला पोचला. शंभर रूबल देऊन एक घोडा घेतला आणि तो विकून नशीब फिरेल या आशेवर 1469 च्या सुमारास चौलला उतरला.

चौलला त्याने पाहिलं की लोक उघडे फिरतात. डोकं उघडं, छाती उघडी, बायकांचीही, केसांची एक वेणी. आणि लोकांनी काय पाहिलं? एक गोरा माणूस. तो जाईल तिथे मागे गर्दी. जवळ घोडा, आणि घोडा म्हणजे सरदाराची चीज, इथे चांगला घोडा पैदाच होत नसे. त्या गर्दीला तो गडगंज वाटला असणार. कर्जबाजारी होऊन घर सोडलेला आणि एका घोड्यावर सगळं लावून बसलेला माणूस त्यांना कुठून दिसणार? तसाच त्याचाही अंदाज घाईचा होता. चौलच्या दमट उकाड्यात उघडं अंग ही गरिबीची खूण नव्हे, हे कुठल्याही कोकणी माणसाने त्याला सांगितलं असतं. राजासुद्धा डोक्याला एक आणि कमरेला एक कापड गुंडाळतो, हे त्याने स्वतःच लिहिलं आहे.

पुढे घाट चढून गेल्यावर मात्र त्याची नजर तयार झाली. जुन्नरला तिथल्या असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला. मुसलमान हो, घोडा आणि वर हजार मोहरा देतो, नाही तर घोडाही गेला आणि हजार मोहरा दंड. शेवटी एका खुरासानी मुसलमानाने, ख्वाजा महंमदने, खानाकडे रदबदली केली आणि घोडा परत मिळवून दिला. हाच खान, पदरी हत्ती-घोडे असूनही, माणसांच्या खांद्यावरून फिरतो असं निकितीन नोंदवतो. पुढे बिदरला सुलतानाची मिरवणूक पाहून तो लिहितो की मुलूख माणसांनी भरलेला आहे, खेड्यातली माणसं फार दरिद्री आणि सरदार अतोनात श्रीमंत. चौलला लोकांच्या अंगावरचं कापड मोजणारा हा माणूस आता पालखी कोण वाहतं ते पाहू लागला होता.

त्याचा स्वतःचा धंदा बुडालाच. मुसलमान व्यापाऱ्यांनी आपल्याला फसवलं, हिंदुस्थानात आपल्या देशासाठी भरपूर माल आहे असं सांगितलं आणि प्रत्यक्षात उपयोगाचं काहीच नाही, मिरी आणि रंग तेवढे स्वस्त, अशी त्याची तक्रार आहे. त्या व्यापाऱ्यांना त्याने दिलेली शिवी मी इथे लिहीत नाही. गंमत एवढीच की त्याचा घोडा सोडवणारा ख्वाजा महंमदही मुसलमानच होता. निकितीन घरी पोचलाच नाही. परतीच्या वाटेवर, स्मोलेन्स्क गाठण्याआधी वारला.

बिदरच्या दरबारात त्याने ज्याचं वैभव पाहिलं तो 'मलिक-उत-तुज्जार', व्यापाऱ्यांचा राजा, म्हणजे बहामनी वजीर महमूद गावान. तोही बाहेरचाच. इराणातल्या गिलानहून व्यापारी म्हणून निघालेला आणि आमच्याच किनाऱ्याने थोडं दक्षिणेला, दाभोळला उतरलेला. बहामनी राज्यात तेव्हा दोन तट होते. आफाकी म्हणजे इराण-अरबस्तानातून आलेले, आणि दखनी म्हणजे इथे रुजलेले. दोन्ही बाजूंना मुसलमानच. भांडण धर्माचं नव्हतं, पदं आणि जहागिऱ्या कुणाला यावरून होतं. बाहेरून येतात आणि मलई खातात, अशी दखन्यांची भावना. ती पूर्ण खोटी नव्हती, आफाकींना खरंच वरच्या जागा मिळत. पण 1481 मध्ये दखनी सरदारांनी गावानच्या मोहोरेचं बनावट पत्र तयार करून सुलतानाकडून त्याला मारवलं. नंतर सुलतानाने त्याच्या खजिनदाराला बोलावलं, कारण एवढ्या मोठ्या वजिराकडे केवढं घबाड असेल! फिरिश्ता सांगतो ते असं की घबाड नव्हतंच. चटईवर झोपणारा, मातीच्या भांड्यात शिजवून खाणारा माणूस. इराणहून आणलेलं भांडवल व्यापारात फिरवून त्यावर तो स्वतःचा खर्च चालवी, जहागिरीचं उत्पन्न फौजेवर आणि गोरगरिबांवर जाई. फिरिश्ता त्याच्या बाजूचा होता, तेवढी सूट देऊन वाचावं. पण रिकामा खजिना पाहणाऱ्या सुलतानाचा चेहरा मला नेहमी डोळ्यांपुढे येतो. तसे चेहरे मी घरात पाहिले आहेत.

आता पुन्हा लाल नोटेकडे. आजोबांच्या तरुणपणी मुंबईत अरब दिसायचे ते मोत्यांचे व्यापारी. आखातातले मोती विकले जायचे मुंबईत. बसऱ्याचे खजूर घेऊन गलबतं यायची आणि मलबारचं सागवान, काथ्या, तांदूळ घेऊन जायची. मुंबईतल्या माणसाला अरब म्हणजे मोती आणि अत्तर. पण ते मोती काढायला समुद्रात बुडी मारणारा गव्वास मुंबईला कधी आला नाही. तो आपल्या नाखुदाच्या कर्जात जन्मभर अडकलेला असे. हाच 'नाखुदा' शब्द आपल्याकडे 'नाखवा' झाला. जपानी लागवडीचे मोती आणि 1929 ची मंदी यांनी तो धंदा मोडला, तेव्हा आखातात उपासमार झाली. इथे ती कुणाला दिसली नाही, कारण उपाशी माणूस तिकीट काढून मुंबई बघायला येत नाही.

मग दहा-पंधरा वर्षांत पारडं फिरलं. 1961 मध्ये कुवेतने स्वतःचा दिनार काढला, एका दिनारला तेरा रुपये पाच आणे चार पै पडत. 1965 मध्ये बहारीनने काढला. 6 जून 1966 ला आपल्या सरकारने रुपयाचं अवमूल्यन केलं, डॉलर 4.76 रुपयांचा साडेसात रुपयांना झाला, आणि कतार-दुबईनेही रुपया सोडला. आज कुवेती दिनार अडीचशे रुपयांच्या वर आहे. 1973 नंतर तेलाचे भाव चढले आणि आमच्या मोहल्ल्यांतले तरुण निघाले. मुंबईहून 'द्वारका' नावाची बोट आखातात जायची, 1982 पर्यंत. पुढे विमानं. 1983 च्या कायद्यानंतर दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड' असा शिक्का पडू लागला. हेतू त्याची फसवणूक टाळण्याचा होता, पण विमानतळावरच्या रांगेत त्या शिक्क्याचा अर्थ सगळ्यांना कळायचा.

तोच माणूस दोन वर्षांनी सुट्टीवर आला की गावात शेठ. टेपरेकॉर्डर, ब्लँकेट, टँगची बाटली, नातेवाईकांना सेंट. स्टँडवरचा रिक्षावाला त्याच्याकडून दुप्पट मागायचा, आणि तो द्यायचा. मशिदीच्या वर्गणीत त्याचं नाव आधी, लग्नाच्या पंक्तीत पान आधी. एका खोलीत आठ जण झोपतो, पासपोर्ट मालकाच्या कपाटात असतो, व्हिसासाठी बायकोचे दागिने ठेवले ते अजून सुटले नाहीत, हे तो कुणाला सांगत नसे. सांगितलं असतं तरी लोकांना ते कंजूषपणाचं निमित्त वाटलं असतं. कौलं उतरवून स्लॅब टाकायचा, तो मात्र टाकावाच लागे. आज आमच्या गावात अशी पाच-सहा घरं आहेत, ज्यांत दिवा लावायला फक्त म्हातारी आहे.

अब्बा कुवेतला होते. 2 ऑगस्ट 1990 ला इराकी फौज शिरली तेव्हा त्यांच्याकडे बाराएक वर्षांच्या बचतीचा चांगला हिस्सा रोख दिनारांत होता. बगदादमार्गे बसने जॉर्डनच्या सरहद्दीवर, तिथे वाळवंटातल्या छावणीत काही दिवस, मग अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबई. त्या वेळी लाखाहून जास्त भारतीय असे आणले गेले. इराकने कुवेती दिनार रद्दच करून टाकला होता, मुंबईत तो कुणी घेईना. अब्बा घरी आले ते पायात दुसऱ्याच्या चपला घालून.

आठवड्याभरात लोक भेटायला यायला लागले. विचारपूस झाली की थोडं थांबत. मग कुणाला मुलीच्या लग्नासाठी दहा हजार उसने हवे असत, कुणाला होडीच्या इंजिनासाठी. अब्बा 'नाहीत' म्हणत, तर ऐकणारा हसायचा. एवढी वर्षं काढली, काहीतरी असेलच की. आईने स्वयंपाकघरात नेऊन डबे दाखवावेत इतकी ती चिडली होती. पुढे काही वर्षांनी संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाकडून भरपाई आली, त्यातून उधारी फिटली.

त्यानंतर 1993. मुंबईतल्या बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटकं आमच्याच तालुक्यात, शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरवली गेली होती. ज्यांनी हे केलं त्यांना शिक्षा झाल्या, व्हायलाच हव्या होत्या. पण त्यानंतर कॉलेजात मी 'श्रीवर्धन' म्हटलं की समोरचा क्षणभर गप्प व्हायचा. मोहल्ल्यातला प्रत्येक स्लॅब बाहेरच्यांना एकाच पैशाचा दिसू लागला. बायकोच्या पाटल्या गहाण टाकून उभ्या राहिलेल्या भिंतींचा हिशेब आम्ही कुणापुढे मांडणार होतो?

दादीच्या पाकिटातल्या बाकीच्या नोटा त्याच, अब्बांच्या दिनारांच्या. तिने कधी ठेवून घेतल्या आम्हाला कळलंही नाही.

गेल्या वर्षी मुंबईतल्या एका जुन्या नोटांच्या व्यापाऱ्याला मी लाल नोटेचा फोटो पाठवला. आखाती नोटा आता दुर्मीळ आहेत, संग्राहक चांगले पैसे मोजतात. त्याने जी किंमत सांगितली ती आजोबांच्या बहारीनमधल्या सात वर्षांच्या कमाईपेक्षा फार कमी नसेल. मी अब्बांना सांगितलं. ते बराच वेळ नोटेच्या मागचं गलबत बघत राहिले. मग म्हणाले, "दिनार घेतो का विचार त्याला."

विचारलं. तो म्हणाला, त्या काळच्या कुवेती नोटा त्याच्याकडे गठ्ठ्याने पडून आहेत, कुणी विचारत नाही.