आरोग्यचिंता

आरोग्यचिंता : आपल्याला एखादा गंभीर आजार झाला आहे किंवा होऊ घातला आहे, अशी सतत पाठीस लागलेली धास्ती. शरीरात काहीच घडत नसते असे नाही. पापणी फडफडते, छातीत ठोका चुकल्यासारखा वाटतो, मानेत वाटाण्याएवढी गाठ हाताला लागते. चूक असते ती त्यावरून काढलेल्या अनुमानात. पापणी फडफडण्यामागे बहुधा अपुरी झोप, ताण किंवा चहा-कॉफीचा अतिरेक असतो. धास्तावलेल्या माणसाला तिथून थेट मज्जातंतूंचा असाध्य विकार दिसू लागतो. (पूर्वी याच पापणीने फार तर शुभाशुभाची काळजी लावली असती.)

डीएसएम-५ या अमेरिकी निदानपुस्तिकेने २०१३ मध्ये ‘हायपोकाँड्रियासिस’ हे जुने निदान मोडीत काढले व त्याच्या जागी दोन नवी निदाने आणली. त्यांपैकी आजारभयाच्या विकारात धास्ती किमान सहा महिने टिकलेली असावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये जुने नाव राहिले, पण ते मंत्रचळाच्या (ओसीडी) गटात गेले. ही मांडणी अधिक पटते. कारण पुनःपुन्हा हात धुणारा आणि पुनःपुन्हा नाडी मोजणारा, दोघेही क्षणभराच्या सुटकेसाठीच ते करत असतात.

पॉल साल्कोव्हस्किस आणि हिलरी वॉर्विक या संशोधकांनी १९८६ मध्ये नेमके या सुटकेवर बोट ठेवले. रिपोर्ट नॉर्मल आला की जीव भांड्यात पडतो, पण तो दिलासा टिकत नाही. ‘रिपोर्ट बदलला तर नसेल?’, ‘डॉक्टरांनी नीट पाहिलं का?’ अशी नवी शंका निघते आणि पुन्हा तपासणी होते. तपासणीही निरुपद्रवी नसते. मानेतली गाठ दिवसातून वीस वेळा दोन बोटांत धरून चाचपली, आरशासमोर मान वळवून दुसऱ्या बाजूशी ताडून पाहिली, की ती जागा हुळहुळी होते. मग ‘कालपर्यंत दुखत नव्हती’ हा नवा पुरावा हाती लागतो. घशात काही अडकल्यासारखे वाटणाऱ्यांना उपचारक एक साधा प्रयोग करायला लावतात: लागोपाठ सात-आठ वेळा आवंढा गिळा. चौथ्या-पाचव्या वेळेपासून गिळणे जड जाते. घसा तोच असतो, मधल्या मिनिटात कर्करोग झालेला नसतो. हे स्वतःच्या घशाने अनुभवलेले तासाभराच्या समजावणीपेक्षा जास्त पटते.

म्हणून उपाय ‘काही झालेले नाही’ हे सिद्ध करण्यात नाही, ते सिद्ध करण्याचा नाद सोडण्यात आहे. बोधात्मक वर्तनोपचारात (सीबीटी) चाचपणे आधी अर्धा तास, मग दिवसभर लांबणीवर टाकले जाते. लक्षणे गुगलवर शोधणे बंद होते. डॉक्टर एकच ठेवायचा. धडधडीच्या भीतीने जिना टाळणाऱ्याने, हृदय तपासून झाले असल्यास, मुद्दाम जिना चढायचा. सर्वांत अवघड काम घरच्यांचे असते: ‘अहो, बघा ना, सूज वाढलीय का?’ या प्रश्नाला दहाव्यांदा ‘नाही’ म्हणण्याऐवजी ‘उत्तर देणार नाही, असं ठरलंय ना आपलं’ एवढेच म्हणायचे. ‘मनाचे खेळ आहेत’ असे झिडकारणे मात्र उपयोगाचे नाही. त्रास खरा असतो.

छातीत दाब येऊन घाम फुटणे, एका बाजूचे हातपाय लुळे पडणे किंवा बोलणे अडखळणे, यांत मात्र थांबायचे नसते. लगेच रुग्णालय गाठावे. शौचातून रक्त, विनाकारण घटणारे वजन, वाढत जाणारी टणक गाठ यांसाठीही डॉक्टरांना दाखवणे आवश्यक असते. आधीपासून चिंतातुर म्हणून ओळखला जाणारा माणूसही याला अपवाद नाही.

धास्ती तीव्र असल्यास फ्लुऑक्सेटिनसारखी एसएसआरआय गटातील औषधे मानसोपचारतज्ज्ञ देतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. ‘टेली-मानस’ या केंद्र सरकारच्या सेवेवर (१४४१६) मराठीतही विनामूल्य बोलता येते.